उंबरठ्याबाहेरचं पाकीट

आमच्या क्वार्टरमध्ये चामड्याला प्रवेश नव्हता. आज हे लिहिताना मलाच गंमत वाटते, कारण भिलाईच्या ज्या पोलाद कारखान्याच्या जिवावर सेक्टर दोनमधलं ते क्वार्टर उभं होतं, तिथं चामड्याशिवाय माणूस भट्टीजवळ फिरकू शकत नव्हता. बाबा कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते. त्यांचे जड बूट, कोपरापर्यंत येणारे चामडी हँडग्लोज आणि छातीवर बांधायचा एप्रन, हा सगळा सरंजाम पायरीशेजारच्या लाकडी पेटीत राही. ड्यूटीवरून आले की बाबा सायकल भिंतीला टेकवत, पायरीवर बसून बूट उतरवत, पेटीचं झाकण लावत, बाहेरच्या नळावर हात घासून धूत आणि मगच आजीच्या राज्यात पाऊल टाकत. रेडिओ घेतला तेव्हा त्याच्यासोबत झकास तपकिरी चामडी कव्हर आलं होतं. आजीनं बाबांकडं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी कव्हर दुकानात परत गेलं आणि रेडिओच्या अंगावर क्रोशाची पांढरी झालर चढली. बाबांचा पट्टा कॅनव्हासचा, माझ्या पायात प्लास्टिकच्या चपला, आणि बाबांचं पाकीट म्हणजे आजीनं स्वतःच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं, वर शर्टाचं बटण लावलेलं कापडी पाकीट. शेजारच्या मल्याळी काकू आम्हाला बरेच दिवस जैन समजत होत्या. मग एका सकाळी आमच्याकडून सुकटाच्या चटणीचा वास त्यांच्या खिडकीतून आत गेला आणि त्यांची फारच अडचण झाली.

आजी म्हणजे बाबांची आई. वैनगंगेकाठच्या एका गावातून आलेली. त्या गावात कोणाचंही ढोर मेलं की हाक आमच्या आजोबांना यायची. ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं मालकाच्या दारात नेऊन टाकायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. धम्मदीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी आणि आमच्या सगळ्या घरांनी मिळून ते काम सोडलं. त्या उन्हाळ्यात एका मोठ्या घरचा बैल मेला, हाक आली, आणि कोणी गेलं नाही. पुढं गावानं काय केलं ते आजी सलग कधीच सांगत नसे. लाखोळीची डाळ निवडताना एखादं वाक्य तिच्या तोंडून सुटे आणि पुढचं वाक्य यायला महिना लागे. विहिरीची वाट बंद केली. शेतावरचं काम बंद केलं. आंबाडीचा पाला बिनमिठाचा खाल्ला. मी तेव्हा नववी-दहावीतली, डोक्यात शाळेच्या गॅदरिंगचं नाटक आणि केसांना लावायच्या रिबिनी. मी ही वाक्यं ऐकायची आणि ‘मग पुढं काय झालं?’ असं गोष्ट ऐकल्यासारखं विचारायची. आजी म्हणे, ‘पुढं तू झाली.’ आणि डाळीतला खडा माझ्या अंगावर फेकी.

आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले होते. त्यांचा फोटो एकच. विहाराची पायाभरणी झाली तेव्हा गावातल्या आमच्या सगळ्या लोकांनी मिळून काढलेल्या फोटोतून कापलेला, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. अंगात कोट, तो कोणाचा होता कोणास ठाऊक, कारण खांद्यावर तो आजोबांपेक्षा अर्ध्या हातानं रुंद होता. बाबांना कारखान्यात नोकरी लागली त्या पहिल्या सकाळी आजीनं तो फोटो त्यांच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, ‘बापाले संग नेत जा. त्याले कारखाना दाखव.’ बाबांनी ते शब्दशः घेतलं. आजोबा रोज गेटपाससोबत कापडी पाकिटात, बाबांच्या छातीवरच्या खिशात बसून, कोक ओव्हनच्या ड्यूटीवर जात.

आता आईकडं येते. आई बोले कमी आणि तिचं काम वेगळंच होतं. सेक्टरात बायकांचं एक शिवणकेंद्र होतं, तिथं ती दुपारपर्यंत जाई. आजीला सांगितलं होतं की तिथं कापडी पिशव्या आणि युनिफॉर्म शिवतात. ते खोटं नव्हतं, काही बायका युनिफॉर्म शिवतही होत्या. पण आई ज्या खोलीत बसे तिथं कारखान्यासाठी चामडी हँडग्लोज शिवले जात. घरी यायच्या आधी ती केंद्राच्या नळावर बेसन आणि लिंबाचं साल लावून हात घासे, इतके की बोटांची टोकं कायम पांढरट दिसत. आजी एकदा म्हणाली, ‘सूनबाईच्या हाताले भज्याचा वास येते, अन् भजे काही दिसत नाही.’ मी हसून जमिनीवर लोळले होते. मला सगळं माहीत होतं, कारण सुट्ट्यांत आईचा डबा मीच केंद्रावर नेत असे. बाबांनाही माहीत होतं. घरातलं एकच माणूस अंधारात होतं, आणि तेच माणूस घर चालवत होतं.

एकदा उन्हाळ्यात बाबा भरदिवसा घरी परत आले. घामानं कापडी पाकीट चिंब होऊन गेटपासवरची शाई पसरली होती, नाव वाचता येईना, म्हणून गेटवरच्या गार्डनं आत सोडलं नव्हतं. गेटपास दुसरा मिळाला. पण बाबांनी पाकिटातून आजोबा काढून खिडकीत वाळत ठेवले तेव्हा दिसलं की त्यांचा एक कान आणि कोटाची एक बाजू पांढरी पडली होती. घाम फोटो खात होता. आजीनं खिडकीपाशी येऊन ते बघितलं. मग तिनं लुगड्याचा आणखी एक तुकडा काढला आणि दुहेरी कापडाचं नवं पाकीट शिवायला बसली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजीलाही माहीत होतं, दुहेरी कापडानं काही व्हायचं नव्हतं. फोटो घरी ठेवा, असं आई म्हणाली. आजी म्हणाली, ‘घरी ठेवून काय करू त्याले? घरी बसणारा माणूस नव्हता थो.’

तर आजोबांना वाचवायचं हे मी ठरवलं. मी, शकू, जिला शिवणाच्या तासाला बाईंनी ‘तू टाके घालतेस की मुंग्या काढतेस’ असं विचारलं होतं. माझी योजना अशी की चामड्याचं छोटं पाकीट शिवायचं, बाबांच्या हातात गुपचूप द्यायचं, ते त्यांनी बाहेरच्या पेटीत ठेवायचं, आजीला कळायचं काही कारणच नाही. त्या वयात आपण केलेल्या योजनेत दुसऱ्यांना डोळे असतात हे आपण धरतच नाही.

डबा द्यायला गेले असताना मी केंद्रातल्या बाईंना कातरणाच्या ढिगातला एक तुकडा मागून घेतला, जरा फिकट राखाडी, एका बाजूनं खरखरीत. कसं शिवायचं ते मी आईला बघून बघून शिकले होते. हातमोज्याची बाकी शिलाई मशीनवर होई, पण अंगठ्याच्या बेचक्यात मशीन पोहोचत नसे, तिथं हातानं टाके. आधी आरीनं भोकं पाडून घ्यायची. एकाच दोऱ्याला दोन्ही टोकांना दोन सुया. एक सुई भोकातून इकडून जाते, दुसरी त्याच भोकातून तिकडून येते, आणि मग दोन्ही हात पसरून ओढायचं. आई ते इतकं सहज करी की मला वाटलं, यात काय. घरामागच्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली बसून मी कंपासपेटीतल्या करकटकानं भोकं पाडली. करकटकाचं टोक वाकलं. नंतर माझी सगळी वर्तुळं अंड्यासारखी येऊ लागली आणि भूमितीच्या सरांनी त्यावर जो काही निष्कर्ष काढला तो इथं सांगण्यासारखा नाही.

माझी खरी फजिती झाली ती दोऱ्यात. माझी नात रेवा परवा भिलाईतल्याच रिसालीच्या आमच्या आताच्या घरी टेबलावर एक डबा उघडून बसली होती, ऑनलाइन मागवलेला. त्यात कापून ठेवलेलं चामडं, पाडून ठेवलेली भोकं, आणि मेण लावून ठेवलेले दोरे, नऊ-दहा रंगांचे. ‘आजी, कौनसा वाला लूँ? तू सांग ना,’ असं ती म्हणाली आणि मला एकदम मुनग्याची सावली आठवली. मी तेव्हा पहिल्यांदा घेतला तो मोरपंखी रेशमाचा दोरा, शाळेच्या भरतकामाचा. राखाडी चामड्यावर मोरपंखी रेशीम, माझ्या डोळ्यांपुढं तर प्रदर्शनच उभं राहिलं. चौथ्या-पाचव्या टाक्याला रेशीम पिंजून कापसासारखं झालं. मग आईच्या मशीनची रीळ. तो दोरा इतका बारीक की ओढला की चामड्यालाच चिरत जाई. मग मी घरात शोधू लागले, आणि मला हवा तसा दोरा एकाच ठिकाणी सापडला. बुद्धमूर्तीच्या कोनाड्यात.

परित्राणपाठाला पांढरा दोरा लागतो. सगळे जण तो हातात धरून बसतात आणि पाठ संपला की त्याचे तुकडे मनगटाला बांधतात. सेक्टरातल्या आमच्या लोकांकडं लग्न असो, नामकरण असो की घरभरणी, तो दोरा आजीकडून जाई. जाड, सुती, मोठी गुंडी. मी ती उचलली. दोऱ्याला मेण लावायचं असतं हे केंद्रात पाहिलं होतं, म्हणून कोनाड्यातल्याच वंदनेच्या मेणबत्तीवर दोरा घासला. एकाच फेरीत मी सगळी पूजेची सामग्री चामड्याच्या कामाला लावली, आणि माझ्या मनाला काही म्हणजे काही टोचलं नाही. उलट दोरा काय सुरेख बसला! पाकीट झालं. मी ते कुंपणाच्या विटेखाली लपवलं आणि एखाद्या मोठ्या कारागिरासारखी जेवायला येऊन बसले.

दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा होती. सकाळी आजीनं वंदनेसाठी मेणबत्ती उचलली आणि तिच्या अंगावर करवतीनं कापल्यासारख्या खाचा दिसल्या. मग तिनं दोऱ्याची गुंडी बघितली. ती निम्मी झाली होती. आजी शाळेत कधी गेली नव्हती, पण खाच आणि दोरा यांची सांगड घालायला तिला फार वेळ लागला नाही. दोऱ्याचे बारीक पांढरे तुकडे स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून मुनग्यापर्यंत मीच पसरून ठेवले होते. वीट उचलली गेली. पाकीट तिनं हातात घेतलं नाही, काडीनं उलटं केलं आणि विचारलं, ‘हे चामडं कोठून आणलं वं?’ मी फार शूर मुलगी. पहिल्याच प्रश्नाला शरण गेले. केंद्र, हातमोजे, बेसन, लिंबाचं साल, सगळं.

आजी ओरडली नाही. आत गेली, वंदना म्हटली, नेहमीच्याच आवाजात. मग खाटेखालून टिनाची पेटी ओढण्याचा आवाज आला. लहानपणी माझं अंथरूण आजीच्या अंथरुणाला लागून असे, माझे केस ती विंचरी, मला ताप आला की बाकी कोणाच्या हातचं पाणीसुद्धा मी पीत नसे. आणि आजी भिलाईला राहायला आली तेव्हाच सांगून आली होती की ज्या दिवशी या घरात चामड्याचं काम होईल, त्या दिवशी मी माझ्या गावाला जाईन. त्या गावात तिचं आता कोणी नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला तर सगळ्यात जास्त.

पेटी घेऊन ती पायरीवर जाऊन बसली. दुपारी आई केंद्रातून आली. तिनं पेटी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि पिशवी हातातच धरून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. जेवण कोणी केलं नाही. वांग्याची भाजी कढईत काळी पडत गेली. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला, थोड्या वेळानं रस्त्यावरून सायकलींचा लोंढा गेला, आणि त्यातून बाबा आमच्या फाटकाकडं वळले. पेटी दिसली तसे ते सायकलवरून उतरले आणि उरलेलं अंतर चालत आले.

‘माय, ऊन लागते. आत बस,’ ते म्हणाले.

‘गोंदियाची गाडी किती वाजता हाय, थे सांग.’

बाबा तिच्या खालच्या पायरीवर बसले. बूट मात्र काढले नाहीत. आजीनं समोरच्या रस्त्याकडं बघतच विचारलं, ‘तुही बायको चामडं शिवून राहिली. तुले माहीत होतं?’ बाबांनी मान हलवली. ‘या पोट्टीले माहीत होतं?’ मी दाराआड होते, मला वाटलं भिंतीत शिरावं. ‘मंग मलेच कावून नाही सांगितलं?’ आजी म्हणाली, ‘तुह्या बापानं उपाशी राहून थे काम सोडलं. तू त्याले छातीशी घेऊन फिरतं. अन् त्याच्या घरात हे.’

बाबांनी वाद घातला नाही. सायकलच्या हँडलला अडकवलेला एक हँडग्लोज त्यांनी काढला आणि आजीच्या शेजारी पायरीवर ठेवला, तळवा वर करून. तळव्यावर मधोमध रुपयाएवढा काळा डाग होता, चामडं जळून कडक झालेलं. गेल्या आठवड्यात तापलेला कोक उडाला होता, त्यांनी सांगितलं. आतापर्यंत घरी कोणाला सांगितलं नव्हतं. ‘हे माह्या हातावर येऊन राहिलं होतं, माय. इथं अडलं.’ मग ते आईकडं वळून म्हणाले, ‘पाहा बरं, तुह्या हातचा हाय का?’

माझ्या तेव्हाच्या नाटकवेड्या मनाला वाटलं, आता आई हो म्हणेल आणि सगळं मिटेल. आईनं हातमोजा उचलला, अंगठ्याचं बेचकं उलटं करून बघितलं आणि परत ठेवला. ‘नाही. माह्या हातचा नाही. मी अंगठ्याले दुहेरी टाका घालते. हा दुसऱ्या कोण्या बाईचा हाय.’

एवढी संधी चालून आली होती आणि माझी आई खरं बोलून बसली. मला तिचा इतका राग आला होता! आज वाटतं, ती हो म्हणाली असती तर आजीनं ओळखलं असतं आणि गोंदियाची गाडी नक्की पकडली असती. आजी त्या शिलाईकडं बघत होती. हात लावत नव्हती, पण बघत होती. मग तिनं पहिल्यांदा थेट आईला विचारलं, ‘दाम कोण देते तुले?’

‘केंद्रातली बाई देते, आत्याबाई. महिन्याच्या महिन्याले.’

‘हातात?’

‘हातात. टेबलासमोर खुर्ची असते. बसूनच घेतो आमी.’

‘बसून?’

‘बसून.’

आजीनं आईची पांढरट बोटं निरखली. ‘आमाले भाकर भेटे,’ ती म्हणाली. ‘सोलून झालं का दारासमोर पदर पसरून उभं राहाचं. वरून टाकत.’ हे वाक्य तिनं याआधी कधी डाळीत टाकलं नव्हतं. बाबांनीही ते ऐकलं नसावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मग आजीनं आणखी एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तिला सकाळपासून तेवढंच विचारायचं होतं. ‘नाही म्हणता येते का? उद्या नाही येत म्हटलं तं?’

आई म्हणाली, ‘येते ना. मागं शकूले ताप आला होता, तं मी नाही गेली.’

‘मंग? घरी आलं कोणी?’

‘कोणी नाही आलं.’

आजीनं पदरानं तोंड पुसलं. ती उठली नाही, पण पेटीवर ठेवलेला तिचा हात मांडीवर आला. बाबांना कदाचित काहीतरी हालचाल हवी होती म्हणून असेल, त्यांनी आजीनं काडीनं पायरीशी आणून टाकलेलं माझं पाकीट उचललं आणि खिशातला नवा गेटपास त्यात घालून बघू लागले. गेटपास आत जाईना. तिरका करून बघितला, तरी जाईना. आजीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. ‘काय वं, मोजून नाही घेतलं?’ मी दाराआडून सांगितलं की मोजलं होतं, अगदी गेटपासाएवढंच कापलं होतं. ‘अन् शिलाई कोठं बसन? तुह्या डोक्यावर?’

आई हसली. तोंडावर हात ठेवून हसली, आणि मग तेच हसणं रडण्यात गेलं आणि तिनं चौकटीकडं तोंड केलं. आजी तिच्याकडं न बघता मला म्हणाली, ‘इकडं ये. हा दोरा काढ. सगळा. तोडू नोको. लोकाच्या मनगटाचा दोरा हाय हा.’ मी पायरीवर बसून सुईच्या टोकानं एकेक टाका उसवला. शिवायला जेवढा वेळ लागला नव्हता तेवढा उसवायला लागला. निघालेला दोरा मेणामुळं वळवळत होता. आजीनं तो पाण्यात धुतला, बोटांना गुंडाळला आणि कोनाड्यात परत ठेवला, पण गुंडीसोबत नाही, वेगळा. तो पुढं कोणाच्या मनगटाला बांधला गेला नाही. आजी गेली तेव्हा तो तिच्या मनगटाला बांधला, तो भाग वेगळा.

परत येऊन तिनं पायरीवरची टिनाची पेटी उघडली. घडी केलेली लुगडी वर केली आणि खालून गोधडीचा दोरा काढला, काळा, तिपेडी, ती स्वतः वळत असे तो. पेटी उघडली हे आम्ही तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं. मी तरीही हट्ट केला, काळा नको, काळ्यात टाके दिसणार नाहीत, पांढरा हवा. आजी म्हणाली, ‘तुले दाखवाचं हाय का धराचं हाय?’

दुसरं पाकीट आईनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कातरणाचा मोठा तुकडा घेऊन आली, पिशवीत न लपवता. चारी बाजूंना शिलाईची जागा सोडून कापायचं, भोकं सारख्या अंतरावर पाडायची, ओढताना दोन्ही हात सारखे ओढायचे, शेवटी दोन टाके उलटे येऊन मग दोरा कापायचा. मी बाहेर पायरीवर बसायची, चामडं माझ्या मांडीवर. आजी आत, उंबरठ्याच्या अलीकडं. चामड्याला ती हात लावणार नव्हती, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण दोरा तिचा होता. दोऱ्याचं एक टोक ती धरी, मेणाचा गोळा घेऊन तो माझ्यापर्यंत घाशीत आणी, पीळ सुटला की पुन्हा वळून देई. तो काळा दोरा उंबरठ्यावरून माझ्या सुईपर्यंत ताणलेला असे. मी ढिला सोडला की तिकडून हिसका बसे. ‘झोपली का वं?’ मी घातलेले टाके अजूनही वाकडेच होते. पण एकही सुटला नाही. ते पाकीट आज माझ्या कपाटात आहे, चामडं लाकडासारखं झालंय, आणि दोरा अजून जागचा हललेला नाही. रेवाला मी काळाच घ्यायला सांगितलं. तिनं मोरपंखी घेतला. घेऊ दे.

पाकीट झालं तेव्हा फोटो ठेवायचा राहिला. बाबांनी पाकीट उघडून उंबरठ्याशी धरलं. आजीनं बाबांकडून मागून घेतलेले आजोबा ओच्यातून काढले, पांढऱ्या पडलेल्या कानावरून बोट फिरवलं आणि फोटो कप्प्यात सरकवला. तिचा अंगठा चामड्याला लागला की नाही, हे मी अगदी डोळे लावून बघत असूनही मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, ‘ने त्याले.’

नियम मोडला नाही. पाकीट कधी घरात आलं नाही, बुटांसोबत बाहेरच्या लाकडी पेटीतच राहिलं. पण त्या दिवसापासून एक रीत पडली. ड्यूटीला निघताना बाबा बूट चढवत, पाकीट खिशात टाकायच्या आधी पायरीवर उभं राहून ते उघडत आणि दाराकडं धरत. आजी हातातलं काम सोडून उंबरठ्यापर्यंत येई. बघे. मग म्हणे, ‘ने त्याले.’ बाबा पाकीट मिटत आणि सायकल काढत. पाळी कुठलीही असो, यात खंड पडला नाही. आईच्या हाताला नंतर बेसनाचा वास आला नाही. ती सरळ घरी येऊन साबणानं हात धुई, आणि आजी तिच्यासाठी ताट वाढून ठेवी.

आजी गेल्यावर मला वाटलं, आता बाबा पाकीट घरात आणतील. त्यांनी नाही आणलं. आजीचे दिवस झाल्यावर ते पहिल्यांदा ड्यूटीला निघाले तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते. बुटांचा आवाज आला, पेटीच्या झाकणाचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज येईना. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. बाबा पायरीवर उभे होते. पाकीट उघडून त्यांनी दाराकडं धरलं होतं, आणि दारात कोणी नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं. तरी धरलं होतं.

मी उंबरठ्यापाशी जाऊन आजीच्या जागी उभी राहिले. मी कान गेलेल्या त्या माणसाकडं बघितलं, त्याच्या उसन्या कोटाकडं बघितलं, कडेनं गेलेल्या माझ्या वाकड्या काळ्या टाक्यांकडं बघितलं. मग म्हटलं, ‘ने त्याले.’

जन्मदात्या बापाला अरेतुरे करण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. बाबांनी मान हलवली, पाकीट मिटलं आणि सायकल काढली.